फुटणं की फोडणं: युद्धाचं आणि राजकारणाचं इंग्रजी कसं वाचावं

२९ ऑगस्ट २०२१ च्या रात्री काबूलहून बातमी आली. अमेरिकी लष्कराच्या सेंट्रल कमांडचं निवेदन होतं, जेमतेम चार-पाच वाक्यांचं. मी रात्रपाळीला होते. इंग्रजी बातम्यांचं मराठी करणं हेच माझं काम. पहिल्याच वाक्यात होतं की लष्कराने एका वाहनावर ‘सेल्फ-डिफेन्स अनमॅन्ड ओव्हर-द-होरायझन एअरस्ट्राइक’ केला आणि विमानतळाला असलेला ‘इमिनंट’ धोका ‘एलिमिनेट’ केला. मी मथळा दिला: ‘काबूल विमानतळाचा संभाव्य धोका मानवरहित हवाई कारवाईत नष्ट’. पान गेलं.

त्या हल्ल्यात दहा माणसं मेली होती. त्यांतली सात मुलं होती. गाडी चालवणारा एका अमेरिकी मदतसंस्थेत नोकरीला होता आणि गाडीत स्फोटकं नव्हती, पाण्याचे कॅन होते. हे सगळं कळायला पुढचे तीन आठवडे लागले. माझ्या मथळ्यात माणूस नव्हता, कारण मूळ वाक्यात तो नव्हता, आणि तो नाही हे माझ्या लक्षात आलं नाही. ती टोचणी अजून आहे. तेव्हापासून असं इंग्रजी वाचायची जी रीत मी स्वतःला लावून घेतली, ती इथे मांडते. बातम्या वाचणाऱ्याला, स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्याला, अनुवाद करणाऱ्याला, कुणालाही ती वापरता येईल.

आधी हे पाहा: मऊपणा कुणासाठी?

मऊ शब्द आपल्याला नवे नाहीत. घरात बांगडी फुटत नाही, वाढते. निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत, ‘येते’ म्हणतात. माणूस वारतो, देवाघरी जातो. या शब्दांत फसवणूक नाही, कारण काय घडलंय ते बोलणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि ऐकणाऱ्यालाही. ज्याचं दुःख आहे त्याला जपण्यासाठी तो शब्द असतो.

इंग्रजीत ज्याला ‘डबलस्पीक’ म्हणतात त्याची दिशा याच्या उलट असते. तिथे मऊपणा ज्याला लागलं त्याच्यासाठी नसतो, ज्याने मारलं त्याच्यासाठी असतो. आणि ऐकणाऱ्याला खरं काय ते कळू नये, निदान लगेच कळू नये, हाच हेतू असतो. आपला ‘दुटप्पी’ हा शब्द जवळचा आहे, पण पुरता बसत नाही. दुटप्पी माणूस दोन ठिकाणी दोन गोष्टी बोलतो. इथे एकच वाक्य असतं, बहुतेकदा शब्दशः खरंही असतं, फक्त ते ऐकून डोळ्यांपुढे चित्र उभं राहत नाही.

म्हणून कुठलाही गुळगुळीत शब्द दिसला की पहिला प्रश्न हा: या शब्दामुळे कुणाचं ओझं हलकं झालं? ६ ऑगस्ट १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या निवेदनात हिरोशिमाची ओळख ‘जपानी लष्कराचा महत्त्वाचा तळ’ अशी करून दिलेली होती. तिथे लष्कराचं ठाणं होतं हे खरं. पण ते लाखोंच्या वस्तीचं शहर होतं, हे त्या ओळखीत मावत नाही.

मग क्रियापद हलवून पाहा

या कामाचं सर्वांत चांगलं हत्यार मराठीतच आहे. आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत: फुटणं-फोडणं, पडणं-पाडणं, जळणं-जाळणं, मरणं-मारणं, उठणं-उठवणं. लहान मूल सांगतं, ‘कप फुटला.’ आई विचारते, ‘फुटला की फोडलास?’ तेवढ्या एका प्रश्नाने करणारा समोर येऊन उभा राहतो.

राजकारणातलं इंग्रजी बहुतेक वेळ ‘कप फुटला’ याच चालीवर असतं. २७ जानेवारी १९८७ च्या भाषणात राष्ट्राध्यक्ष रेगन इराणला शस्त्रं विकण्याच्या प्रकरणाबद्दल बोलताना म्हणाले, ‘सीरियस मिस्टेक्स वेअर मेड’. गंभीर चुका झाल्या. कुणाकडून, हे त्या वाक्यात नाही. असं वाक्य आलं की त्याची जोडी लावायची: चुका झाल्या, चुका केल्या. केल्या म्हटलं की ‘कोणी?’ आपोआप तोंडात येतं.

लष्करी मजकुरात तर क्रियापद बहुधा नसतंच, त्याचं नाम करून ठेवलेलं असतं. तिथे दोन पायऱ्या चढाव्या लागतात. ‘सिव्हिलियन कॅज्युअल्टीज’ हे नाम. त्याचं क्रियापद: सामान्य माणसं मेली किंवा जखमी झाली. त्याची जोडी: सामान्य माणसांना मारलं, जखमी केलं. ‘डिस्प्लेसमेंट’: लोक उठले. लोकांना उठवलं. ‘कोलॅटरल डॅमेज’, म्हणजे हल्ल्यात ओघाने झालेली हानी, हा व्हिएतनामच्या काळापासूनचा शब्द १९९१ च्या आखाती युद्धात घरोघरी पोचला. त्यात ‘डॅमेज’ आहे, म्हणजे नुकसान, आणि नुकसान वस्तूंचं होतं. त्या एका शब्दात माणसं सामानात जमा होतात.

दुसऱ्या महायुद्धातला एक शब्द मी कधी विसरत नाही. चर्चिल यांचे सल्लागार लॉर्ड चेरवेल यांनी मार्च १९४२ मध्ये जर्मन शहरांवरच्या बॉम्बफेकीबद्दल एक टिपण दिलं. लोकांची घरं पाडली की त्यांचं मनोधैर्य खचतं, असा त्याचा सूर. त्या धोरणाला नाव पडलं ‘डी-हाउसिंग’. घरं पडली, घरं पाडली, इथवर जोडी लागते. पण बॉम्ब पडताना त्या घरांत कोण होतं, हे त्या शब्दाला विचारूनही सांगता येत नाही.

गाठोडं सोडून बघा

काही शब्द गाठोड्यासारखे असतात. वरून नीटनेटकी गाठ, आत काय ते दिसत नाही. अशा वेळी शब्दाचा अर्थ शोधू नका, आतल्या वस्तू एकेक करून बाहेर काढा.

‘एन्हान्स्ड इंटरॉगेशन टेक्निक्स’ घ्या. शब्दशः ‘सुधारित चौकशी तंत्रं’. २००१ नंतर अमेरिकेच्या सीआयएने परदेशांतल्या गुप्त कोठड्यांत कैद्यांवर जे केलं त्याचं हे नाव. गाठोड्यात काय होतं? वॉटरबोर्डिंग, म्हणजे माणसाला फळीवर बांधून, तोंडावर कापड टाकून, बुडल्यासारखं वाटेपर्यंत पाणी ओतणं. वॉलिंग, म्हणजे मानेला धरून भिंतीवर आदळणं. शवपेटीएवढ्या खोक्यात कोंडणं. १८० तासांपर्यंत झोपू न देणं. १८० तास म्हणजे साडेसात दिवस. एका कैद्यावर वॉटरबोर्डिंगचा प्रयोग ८३ वेळा झाला, दुसऱ्यावर १८३ वेळा.

या यादीतला ‘स्लीप डेप्रिव्हेशन’ हा शब्द तेवढा थोडा वेळ हातात घेऊन बघा. परीक्षेच्या आदल्या रात्री जागलेल्या कुणालाही तो आपल्या अनुभवातला वाटेल. फसगत तिथेच होते, कारण शब्द अनुभवातला आणि मात्रा अनुभवाच्या पलीकडची. माणूस मिटल्या डोळ्यांनी कोसळू नये म्हणून त्याला हात वर साखळीने बांधून उभं ठेवत, हे पुढे सिनेटच्या समितीच्या अहवालातून बाहेर आलं. त्या अहवालाचा सारांश डिसेंबर २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार ११९ माणसं या कोठड्यांत होती आणि त्यांतल्या किमान २६ जणांना तर मुळात डांबायलाच नको होतं.

गाठोडं सोडताना चार गोष्टी विचारा: कुणाला, कशाने, किती वेळ, किती वेळा. उत्तरं मिळाली की मूळ शब्द पुन्हा वाचा. त्याचा गुळगुळीतपणा तेव्हा अंगावर येतो.

कोणता कायदा टाळलाय?

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. असे शब्द कानाला गोड लागावेत म्हणून निवडतात अशी आपली समजूत असते. पण पुष्कळदा तो शब्द वाचकासाठी नसतोच, वकिलासाठी असतो. अमुक शब्द उच्चारला की अमुक कायदा लागू होतो, म्हणून तो उच्चारायचा नाही.

१९९४ साली रवांडात एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत अंदाजे आठ लाख माणसांची कत्तल झाली. १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ‘जेनोसाइड’, म्हणजे वंशसंहार, रोखणं हे करारावर सही करणाऱ्या देशांवर बंधनकारक आहे. त्यामुळे अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्या तो शब्द एकटा वापरत नव्हत्या. ‘ॲक्ट्स ऑफ जेनोसाइड’ घडल्याचं म्हणत होत्या. वंशसंहाराच्या कृती घडल्या, वंशसंहार नव्हे. १० जूनच्या वार्ताहर परिषदेत एका पत्रकाराने विचारलं, अशा किती कृती झाल्या म्हणजे वंशसंहार होतो? उत्तर मिळालं नाही. तो प्रश्न मला आजवर ऐकलेल्या पत्रकारी प्रश्नांत सर्वांत मोलाचा वाटतो.

कोरियाचं उदाहरण वेगळ्या कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. जून १९५० मध्ये ट्रुमन यांनी कोरियात सैन्य उतरवलं. अमेरिकेत युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, आणि काँग्रेसने ते पुकारलं नव्हतं. वार्ताहर परिषदेत एकाने विचारलं, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालची ही ‘पोलीस ॲक्शन’ आहे असं म्हणता येईल का? ट्रुमन म्हणाले, हो, नेमकं तेच. शब्द पत्रकाराचा होता, सरकारने तो उचलला. त्या पोलीस ॲक्शनमध्ये ३६,०००हून अधिक अमेरिकी सैनिक मेले, आणि कोरियन माणसं लाखोंनी.

२०११ मध्ये लिबियावर हवाई हल्ले चालू असताना साठ दिवसांची मुदत संपली. १९७३ च्या कायद्याप्रमाणे त्यापुढे काँग्रेसची मंजुरी हवी होती. ओबामा सरकारने मांडलं की जमिनीवर आपलं सैन्य नाही, समोरून म्हणावा तसा मारा होत नाही, तेव्हा कायद्यातला ‘हॉस्टिलिटीज’, म्हणजे प्रत्यक्ष लढाई, हा शब्द इथे लागूच पडत नाही. विमानं बॉम्ब टाकतच होती. याच मोहिमेच्या वेळी ‘कायनेटिक मिलिटरी ॲक्शन’ हे शब्दही ऐकू आले. कायनेटिक म्हणजे गतीचं. भौतिकशास्त्राच्या तासाला भेटलेला शब्द.

पकडलेल्या माणसाला काय म्हणतात तेही बघा. ‘प्रिझनर ऑफ वॉर’, म्हणजे युद्धकैदी, म्हटलं की जिनिव्हा करार लागू होतो: नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि लष्करी क्रमांक याखेरीज काही सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. ‘डिटेनी’, म्हणजे नुसता ताब्यात ठेवलेला, म्हटलं की हे संरक्षण आहे की नाही यावरच वाद सुरू होतो. क्यूबातल्या ग्वांतानामो इथल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात डिटेनींच्या जीव द्यायच्या प्रयत्नांपैकी कित्येकांना ‘मॅनिप्युलेटिव्ह सेल्फ-इंज्युरियस बिहेवियर’ म्हणू लागले, म्हणजे काही पदरात पाडून घेण्यासाठी केलेली स्वतःला इजा. नावातच त्या माणसावर आरोप आहे.

आणि एक छोटा शब्द. १९४२ च्या वसंतात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लष्कराचे हुकूम खांबांवर चिकटवले गेले. जपानी वंशाच्या सर्वांनी, ‘एलियन’ आणि ‘नॉन-एलियन’ दोघांनीही, घरदार सोडून निघावं. एलियन म्हणजे परदेशी नागरिक. मग नॉन-एलियन कोण? अमेरिकेचे नागरिक. ‘सिटिझन’ लिहिलं असतं तर वाचणाऱ्याने विचारलं असतं की नागरिकाला खटल्याशिवाय कसं उचलता? म्हणून नागरिकाला ‘परदेशी नसलेला’ केलं. सुमारे १ लाख २० हजार माणसं काटेरी कुंपणामागे गेली, त्यांतली दोन तृतीयांश नागरिक. त्या छावण्यांना नाव होतं ‘रीलोकेशन सेंटर’. १९८८ मध्ये अमेरिकेने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर देऊ केले.

तेव्हा रीत अशी: त्या शब्दाच्या जागी साधा शब्द ठेवा. युद्ध, छळ, नागरिक, कैदी. मग विचारा, हा शब्द लिहिला असता तर कुणाची परवानगी लागली असती, कुणावर खटला झाला असता, कुणाला कोणता हक्क मिळाला असता?

राजनैतिक बैठकांच्या इंग्रजीबद्दल मात्र फार काही सांगण्यासारखं नाही. ‘फ्रँक’ चर्चा झाली म्हणजे जुंपली, ‘कन्स्ट्रक्टिव्ह’ झाली म्हणजे पुन्हा भेटायचं ठरलं, इतपत समजलं तरी भागतं. तिथे दोन्ही बाजूंना संकेत माहीत असतो.

आपल्या घरातही

हे सगळं परक्यांचं म्हणून सोडून देता येणार नाही. कोरियाच्या पावणेदोन वर्षं आधी, १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून निघून नळदुर्गमार्गे हैदराबाद संस्थानात शिरलं. रणगाडे होते, विमानं होती, लष्करी नाव ‘ऑपरेशन पोलो’ होतं. तरी मराठवाड्यात आजही जुनी माणसं म्हणतात ‘पोलीस ॲक्शन’. कारण तेच, कायद्याचं: निजामाने प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेला होता, आणि युद्ध म्हटलं की दोन देश आले. पोलीस म्हटलं की तो घरातला मामला.

रझाकारांच्या जाचातून सुटका झाल्याचा आनंद त्या शब्दात आहे आणि तो खरा आहे. पण नंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, तेही त्याच शब्दाखाली झाकलं गेलं. सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार मृत्यूंचा अंदाज दिला, आणि तो अहवाल कित्येक दशकं लोकांपुढे आला नाही. दोन्ही गोष्टी एका दमात सांगता आल्या पाहिजेत असं मला वाटतं, आणि ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द त्या सांगू देत नाही.

२६ फेब्रुवारी २०१९ च्या बालाकोट हल्ल्यानंतर परराष्ट्र सचिवांच्या निवेदनात ‘नॉन-मिलिटरी प्रीएम्प्टिव्ह ॲक्शन’ असे शब्द होते. लढाऊ विमानांनी बॉम्ब टाकले तर ती कारवाई बिगरलष्करी कशी, असं त्या दिवशी अनेकांनी विचारलं. लक्ष्य पाकिस्तानी लष्कर नाही, दहशतवादी तळ आहे, असं पलीकडे कळवायचं होतं, म्हणजे प्रकरण वाढू नये. हा शब्द मला निव्वळ लपवाछपवीचा वाटत नाही. कधीकधी असा शब्द युद्ध थोपवायच्या कामीही येतो. पण तो कुणाला उद्देशून आहे हे वाचकाला उमगलं पाहिजे.

आमच्या धंद्यात याची दोन टोकं दिसतात. पोलिसांच्या इंग्रजीतला ‘माइल्ड लाठीचार्ज’ आम्ही ‘सौम्य लाठीमार’ करून वर्षानुवर्षं छापला. ज्याचं डोकं फुटलं, म्हणजे फोडलं, त्याच्यासाठी तो सौम्य कसा? आणि दुसरीकडे लष्कराच्या ‘न्यूट्रलाइज्ड’चं आम्ही ‘कंठस्नान घातलं’ करतो. इंग्रजी शब्द मरण पुसून टाकतो, मराठी शब्द त्याचा सण करतो. दोन्हींत मेलेला कोण होता, हे दिसत नाही. ‘ठार केलं’ हा सरळ शब्द आपल्याकडे आहे.

सावधगिरी

प्रत्येक तांत्रिक शब्दावर संशय घेऊ नका. ‘सॉर्टी’ म्हणजे विमानाची एक खेप, ‘ऑर्डनन्स’ म्हणजे दारूगोळा. हे कामाचे शब्द आहेत, सैनिक ते आपापसांत वापरतात आणि त्यांना अर्थ पक्का ठाऊक असतो. तोच शब्द सामान्य माणसाला उद्देशून, मरणाबद्दल बोलताना आला की थांबा. आणि कसोटी सर्वांना सारखी लावा, ज्यांच्याबद्दल आपल्याला माया आहे त्यांनाही.

एक वही ठेवा. शब्द, तारीख, कुणी वापरला, खरं काय निघालं. तारीख महत्त्वाची, कारण शब्द मळला की बदलतात. व्हिएतनाममध्ये दिसेल त्याला गोळी घालायच्या इलाख्याला आधी ‘फ्री-फायर झोन’ म्हणत; ते नाव बदनाम झाल्यावर ‘स्पेसिफाइड स्ट्राइक झोन’ आलं. अमेरिकेतल्या इंग्रजी शिक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने १९७४ पासून अशा भाषेला ‘पुरस्कार’ द्यायला सुरुवात केली. पहिल्याच वर्षी त्यात एक लष्करी अधिकारी होते. कंबोडियातल्या पत्रकारांना ते म्हणाले होते की तुम्ही सारखं बॉम्बिंग, बॉम्बिंग लिहिता. ते बॉम्बिंग नाही, ‘एअर सपोर्ट’ आहे.

आता काबूलचं निवेदन पुन्हा

शब्द एकेक करून घेऊ. ‘सेल्फ-डिफेन्स’: कृतीआधीच तिचं समर्थन. हे वर्णन नाही, दावा आहे. बातमीत तो दावा म्हणूनच यायला हवा. ‘अनमॅन्ड’: विमानात माणूस नव्हता, पण बटण दाबणारा होता. ‘ओव्हर-द-होरायझन’: क्षितिजापलीकडून. म्हणजे घटनास्थळी तपासायला आपलं कुणी नाही. शौर्यासारखा वाटणारा हा शब्द खरं तर अज्ञानाची कबुली आहे. ‘वाहनावर’: लक्ष्य वस्तू आहे. ‘इमिनंट’: आत्ता कोसळेल असा. मी त्याचं ‘संभाव्य’ केलं, ते साफ चुकलं; हल्ल्याची सगळी घाई त्या एका शब्दावर उभी होती. ‘धोका एलिमिनेट’: मारलं कुणाला ते नाही, नाहीसा झाला तो धोका.

पुढे होतं की मोठे ‘सेकंडरी एक्स्प्लोजन’, म्हणजे हल्ल्यामागोमाग आणखी स्फोट, झाले, त्यावरून गाडीत भरपूर स्फोटकं असल्याचं दिसतं. एक निरीक्षण आणि एक तर्क एकाच वाक्यात शिवलेत. शिवण उसवून दोन वाक्यं करायची. आणि शेवटी, नागरिक मेल्याची शक्यता तपासत आहोत, ‘ॲट धिस टाइम’ तशी चिन्हं नाहीत. या क्षणी. त्याच रात्री उशिरा दुसरं निवेदन आलं: निष्पाप जिवांची काही संभाव्य हानी झालेली असल्यास आम्हाला अतीव दुःख होईल. ‘संभाव्य’, ‘असल्यास’, ‘होईल’. एका दुःखाला तीन कुलपं.

तीन दिवसांनी लष्करप्रमुखांच्या समितीचे अध्यक्ष जनरल मिली यांनी त्याला ‘राइचस स्ट्राइक’, न्याय्य हल्ला, म्हटलं. १७ सप्टेंबरला सेंट्रल कमांडच्या प्रमुखांनी ‘ट्रॅजिक मिस्टेक’ म्हणून कबुली दिली. डिसेंबरमध्ये ठरलं की कुणालाही शिक्षा होणार नाही.

खरं काय घडलं हे त्या रात्री मला कळणं शक्य नव्हतं. पण तेवढ्याच चार-पाच वाक्यांतून, एकही शब्द पदरचा न घालता, हा मथळा लिहिता आला असता: ‘काबूलमध्ये गाडीवर अमेरिकेचा ड्रोन हल्ला, गाडीत स्फोटकं असल्याचा लष्कराचा दावा, आत कोण होतं ते सांगितलेलं नाही’.